उरलेला पास्ता, वातड पास्ता आणि सासूबाई

यावेळी पत्रांमधे नुसता पास्ताच पास्ता आहे. मे महिन्याची सुट्टी, घरोघरचे वाढदिवस, आणि सगळ्यांचं रडगाणं एकच की खूप उरलाय, आता काय करू. म्हणून या अंकात दुसरं काही घेतलंच नाहीये. लोणच्यावाल्यांनी पंधरा दिवस थांबा, कैऱ्या तोपर्यंत आहेत बाजारात.

प्रश्न: ताई, आम्ही घोडबंदर रोडला कासारवडवलीत राहतो. शनिवारी मुलीचा आठवा वाढदिवस घरीच केला, बारा मुलं येणार म्हणून मी एक किलो पेने अख्खं उकडलं, त्यात नवऱ्याने कमी पडायला नको म्हणून पिझ्झा पण मागवला, मग काय, मुलांनी पिझ्झाच खाल्ला. आता फ्रिजमधे दोन मोठे डबे आहेत, एकात तेल लावून ठेवलेला कोरा पास्ता, दुसऱ्यात लाल सॉसमधला. शिवाय एक छोटं पातेलं आहे, ते टेबलावरच होतं, रात्री झोपताना आत ठेवलं. काल मायक्रोवेव्हमधे गरम केला तर वरून वातड आणि मधे थंडगार, मुलीने पण नाही खाल्ला. मी ऑफिसमधून साडेसातला येते, ट्रॅफिक लागलं तर आठ, आणि साडेआठला सगळ्यांना ताटं लागतात. सासूबाई पास्त्याला रबर म्हणतात. म्हणजे त्यांच्यासाठी पोळी-भाजी आणि आमच्यासाठी पास्ता असे दोन स्वयंपाक, मग उरलेलं वापरून मला मिळालं काय? पाच माणसांना चालेल आणि पटकन होईल असं काहीतरी सांगा ना.

उत्तर: हा अंक तुमच्या हातात पडेल तोवर त्या डब्यांचं काय ते झालेलं असणार, पण मुलीचा नववा वाढदिवस येणारच आहे, तेव्हा कामाला येईल.

आधी ते छोटं पातेलं. ते टाका. ओल्या कचऱ्यात, आत्ताच्या आत्ता, वास घेऊन बघू वगैरे काही नको. संध्याकाळी सातला टेबलावर आलं आणि झोपताना आत गेलं म्हणजे चार-पाच तास झाले, तेही मे महिन्यात ठाण्यात, जिथे फॅनखाली बसून पण घाम निथळतो. शिजवलेला भात काय आणि पास्ता काय, त्यात बॅसिलस सिरियस नावाचा जंतू वाढू शकतो, त्याचे बीजाणू उकळत्या पाण्यातून पण जिवंत बाहेर येतात, आणि अन्न बाहेर राहिलं की तो वाढून जे विष तयार करतो ते पुन्हा गरम करून जात नाही. म्हणजे "चांगलं उकळून घेतलं की झालं" हे आपलं नेहमीचं समाधान इथे चालत नाही. २००८ मधे ब्रुसेल्सला एका वीस वर्षांच्या विद्यार्थ्याने पाच दिवस बाहेर राहिलेली स्पॅगेटी गरम करून खाल्ली आणि त्यात तो गेला, डॉक्टरांनी २०११ मधे त्यावर पेपर पण लिहिला. इतकं टोकाचं फार क्वचित होतं, घाबरवायला सांगत नाहीये, पण दोन वाट्या पास्त्यासाठी पाच जणांची पोटं कशाला पणाला लावायची? शिजवलेलं अन्न दोन तासांत फ्रिजमधे गेलं पाहिजे, आणि बाहेर ३२ अंशांच्या वर असेल तर एका तासात. आपल्याकडे मे महिन्यात म्हणजे एकच तास धरा.

आता ते दोन डबे. ते वेळेत आत गेले असतील तर उत्तम. पास्ता वातड का होतो ते आधी सांगते म्हणजे पुढचं सगळं आपोआप कळेल. शिजताना त्यातला स्टार्च पाणी पिऊन फुगतो, मऊ होतो, आणि थंड झाला की तोच स्टार्च परत घट्ट आवळून बसतो. शिळी पोळी कडक होते, फ्रिजमधला भात टोचतो, ते ह्याच कारणाने. मग शिळ्या पोळीचं आपण काय करतो? नुसती गरम करून ताटात नाही टाकत ना! कुस्करतो, फोडणी देतो, पाण्याचा हबका मारून झाकण ठेवतो. पास्त्याला पण तेच हवंय, उष्णता आणि ओल दोन्ही एकत्र. मायक्रोवेव्हने नुसती उष्णता दिली, होती ती ओल पण उडवली, म्हणून चामडं झालं. आपली गंमत काय होते की पास्ता इटलीचा म्हणून उरला तरी त्याला चीझ आणि ओरेगॅनोच घालत बसतो. शिळा झाला की तो आपलाच की हो! मी तर म्हणेन की ज्या घरात फोडणीची पोळी आणि फोडणीचा भात होतो त्या घरात उरलेल्या पास्त्याला वेगळी रेसिपी शोधायची गरजच नाही.

कोरा डबा आधी घ्या, कारण सासूबाईंचा प्रश्न तिथेच सुटणार आहे. पाच जणांना साधारण सहा वाट्या पास्ता घ्या आणि एकेका पेनेचे सुरीने दोन-तीन तुकडे करा. हे आळस न करता करा, अख्खी नळी ताटात दिसली की त्यांना रबर आठवणार, तुकडे झाले की ती शेवयांच्या उपम्याची भावंडं वाटतात. तुकडे चाळणीत घालून वरून उकळतं पाणी ओता, अर्धा मिनिट, बस. ह्याने गोळा सुटतो आणि पार्टीच्या वेळी लावलेलं तेल पण थोडं निघून जातं. कढईत दोन चमचे तेल, मोहरी तडतडू द्या, जिरं, हिंग, मूठभर शेंगदाणे चांगले लालसर होईपर्यंत, मग कढीपत्ता, तीन-चार हिरव्या मिरच्या, दोन कांदे बारीक चिरून. कांदा पारदर्शक झाला की हळद, घरात असतील ते मटार किंवा गाजर, आणि मग पास्ता. मीठ चाखूनच घाला, उकडताना घातलेलं असतं, माझा एकदा समुद्र झाला होता. पाण्याचा हबका, झाकण, मंद आचेवर तीन-चार मिनिटं दणदणीत वाफ. वरून लिंबू, चिमूटभर साखर, कोथिंबीर, ओलं खोबरं. आमच्या घरी सोबत दही असतं. सासूबाईंना पास्ता आहे हे आधी सांगू नका असं मी म्हणणार नाही, सांगा, पण ताट समोर ठेवल्यावर सांगा.

आणि ज्या दिवशी दुपारचं वरण उरलंय त्या दिवशी तर ह्याहून सोपं. वरणफळं आठवा, कुणाकडे चकोल्या म्हणतात, आमटीत सोडलेले कणकेचे तुकडे. तो आपला पास्ताच आहे, फक्त वाळवलेला नाही. इटलीत पण साध्या घरांमधे पास्ता मसूर किंवा राजम्यासारख्या कडधान्यांच्या रश्शात शिजवून खायची जुनी पद्धत आहे, त्यामुळे त्यांनाही वाईट वाटायचं कारण नाही. तुरीच्या वरणात दुप्पट पाणी घालून सरसरीत करा, लसणाची खमंग फोडणी, लाल तिखट, गोडा मसाला, दोन आमसुलं, सुपारीएवढा गूळ. खळाखळा उकळी आली की तीन-चार वाट्या पास्ता सोडा आणि पाचच मिनिटं. पास्ता रस्सा पीत जातो, म्हणून गॅस बंद करताना पातळ वाटला पाहिजे, ताटात येईपर्यंत बरोबर होतो, आणि नवरा उशिरा येणार असेल तर त्याच्या वाटणीचा पास्ता कोरा बाजूला ठेवा, नाहीतर त्याला लगदा मिळेल. वर साजूक तूप, शेजारी पापड. पोळ्या लाटायच्या नाहीत, भात लावायचा नाही, पंधरा मिनिटांत गॅस बंद.

लाल सॉसच्या डब्याला हळद-मोहरीची फोडणी देऊ नका, टोमॅटो-लसूण-ओरेगॅनोवर ती बसत नाही, मी करून बघितलंय, दोन्हीकडून वाया. त्याचं ऑम्लेट करा. हे नेपल्सच्या लोकांचं आहे, उरलेली स्पॅगेटी अंडी आणि चीझमधे कालवून जाडजूड थापतात, फ्रित्ताता म्हणतात, गार करून सहलीला पण नेतात, आपण दशम्या नेतो तसं. चार वाट्या लाल पास्ता बारीक करून, पाच अंडी, किसलेलं चीझ मूठभर, मिरपूड, कोथिंबीर. जाड बुडाच्या तव्यावर तेल, मिश्रण ओता, आच अगदी मंद, झाकण ठेवून आठ-नऊ मिनिटं. कडा सुटल्या की तव्यावर ताट पालथं घाला, तवा उलटा करा, आणि ताटातून अलगद परत तव्यावर सरकवा. उलथन्याने पलटायला जाल तर भुर्जी होईल, तीही वाईट लागत नाही म्हणा. वरचे कंगोरे जे चुरचुरीत होतात त्यावरून मुलं भांडतात. पावासोबत द्या, जेवण झालं.

अंडं चालत नसेल किंवा चतुर्थी-गुरुवार असेल तर बेसन. पण इथे पास्त्याची अगदी बारीक चिरफाड करायची, शेंगदाण्याएवढे तुकडे, दोन वाट्या पास्त्याला दीड वाटी बेसन, दोन चमचे तांदळाचं पीठ, ओवा, कांदा, आणि भज्यांपेक्षा थोडं पातळ होईल इतकं पाणी. छोटी छोटी धिरडी घाला. पहिल्यांदा मी उत्साहात तवाभर मोठं घातलं आणि तेही पास्ता न चिरता, त्याचे सात तुकडे झाले.

आणि जाता जाता, बारा मुलांना एक किलो फार झालं हो. कोरडा पास्ता शिजून दुपटीच्या वर जातो, म्हणजे तुमच्याकडे दोन-सव्वादोन किलो तयार होता. मोठ्या माणसाला कोरडा ८० ते १०० ग्रॅम पुरतो, आठ वर्षांच्या पोराला ५० ग्रॅम खूप, त्यातून पिझ्झा असेल तर मुळात पास्ता करूच नका.

प्रश्न: आम्ही दोघं नोकरीवाले, ऐरोलीला राहतो. रविवारी जास्तीचा पास्ता उकडून आठवडाभर वापरला तर चालेल का? फ्रीझ करता येतो का?

उत्तर: आठवडाभर नाही. फ्रिजमधे तीन दिवस, फार तर चार, आणि तो फ्रिज खरंच पाच अंशांच्या खाली असेल तर, दरवाजा दर दहा मिनिटांनी उघडणारी मंडळी घरात असतील तर तीनच धरा. खोल पातेल्यात गरम गरम दडपून ठेवू नका, मधला भाग तासन् तास कोमट राहतो, पसरट डब्यात पातळ थर करा, वाफ गेली की लगेच आत. फ्रीझरमधे महिना-दोन महिने आरामात राहतो, त्यातही सॉस लावलेला जास्त चांगला राहतो, कोरा असेल तर शिजवतानाच एक-दोन मिनिटं आधी उतरवा, दाताला किंचित लागेल असा. दोघांपुरत्या पिशव्या करा आणि वर तारीख लिहा, नाहीतर दिवाळीच्या साफसफाईत सापडतो. काढल्यावर ओट्यावर वितळवत ठेवू नका, गोठलेलाच उकळत्या पाण्यात किंवा सॉसमधे सोडा. लाईट गेली आणि पिशवी पूर्ण मऊ पडून कोमट झाली तर मात्र माया करू नका.

प्रश्न: नेरूळहून लिहितेय. व्हाईट सॉसचा पास्ता उरला तर दुसऱ्या दिवशी सिमेंट होतं. त्याला फोडणी दिली तर?

उत्तर: अजिबात नको. त्या सॉसमधे मैदा असतो, तो थंड झाला की आवळतो, आणि पास्ता आधीच अर्धा सॉस प्यायलेला असतो. कढईत आधी अर्धी-पाऊण वाटी दूध कोमट करा, त्यात गोळा टाकून मंद आचेवर झाऱ्याने हळूहळू सोडवा, घाई केली की खाली लागतो. पुरवठ्याला उकडलेले मक्याचे दाणे, बारीक चिरलेला पालक, भरपूर मिरपूड. हे एकदाच करायचं, त्यातून उरलं तर परत फ्रिजमधे ठेवून परत गरम करायचं नाही. खरं सांगू का, उरण्याच्या बाबतीत व्हाईट सॉसइतका नाठाळ प्रकार दुसरा नाही, मी घरी पास्ता कोरा आणि सॉस वेगळा ठेवायला लागले तेव्हापासून सुखात आहे.

प्रश्न: मी नौपाड्यातली आजी आहे, वय ७१. सून नातवंडांना वरचेवर पास्ता देते आणि उरला की दुसऱ्या दिवशी डब्यात. हा मैदाच ना शेवटी? आणि शिळा! आमच्यावेळी असलं काही नव्हतं.

उत्तर: आजी, होतं की! रुखवतात बोटवे, मालत्या, नखुले, गव्हले कोण वळत होतं? दुपारी ओसरीवर बसून बोटांनी एकेक गव्हला वळायचा, वाळवायचा आणि मग खीर. इटलीत तांदळाच्या दाण्याच्या आकाराचा पास्ता मिळतो, ओर्झो म्हणतात, तो बघाल तर म्हणाल हे तर आपले गव्हले. मैद्याचं म्हणाल तर निम्मं खरं आहे. चांगला पास्ता ड्युरम नावाच्या कडक गव्हाच्या रव्याचा असतो, पण स्वस्त पाकिटात मैदा पण असतो, चष्मा लावून मागचे घटक वाचा, पहिलं नाव काय आहे ते बघा. रव्याचा दुसऱ्या दिवशी पण आकार धरून राहतो, मैद्याचा गिचका होतो, म्हणून तसला उरला तर सरळ धिरड्यात घालायचा. शिळ्याचं म्हणाल तर वेळेत फ्रिजमधे ठेवून सकाळी सणसणीत गरम करून दिला तर काही हरकत नाही, फक्त डबा कोंदट दप्तरात पाच-सहा तास राहणार असेल तर नको, छोट्या सुट्टीच्या डब्यात चालेल. आणि वरचेवर म्हणजे किती ते तुम्ही लिहिलं नाहीत. आठवड्यातून एकदा असेल तर मी सुनेच्या बाजूने.

प्रश्न: कोपरखैरणे. आमच्या फॅमिली ग्रुपवर आलंय की पास्ता रात्रभर फ्रिजमधे ठेवून खाल्ला तर साखर वाढत नाही आणि वजन पण नाही. बाबांना डायबिटीस आहे, ते आता रोज मागतायत. खरं आहे का?

उत्तर: फॉरवर्डमधे एक कण खरा असतो आणि त्याच्याभोवती पोतंभर भुसा. थंड झाल्यावर थोडा स्टार्च अशा रूपात जातो की तो छोट्या आतड्यात पचत नाही, त्याला रेझिस्टंट स्टार्च म्हणतात, आणि परत गरम केलं तरी त्यातला बराचसा टिकतो. हे भाताला, बटाट्याला पण लागू. पण हा भाग थोडासाच असतो, बाकी सगळा पास्ता पास्ताच राहतो, ताटभर खाल्ला तर साखर वाढणारच. बाबांना एक वाटी, भरपूर भाज्या आणि डाळ घालून, वरणातला देऊन बघा, आणि दोन तासांनी मशीनवर साखर मोजा, ग्रुपपेक्षा ते मशीन जास्त खरं बोलतं. रोज मागतायत त्याबद्दल त्यांच्या डॉक्टरांनाच विचारा, मी फोडणीची तज्ज्ञ आहे, इन्सुलिनची नाही.

प्रश्न: मी वाशीत राहतो, नववीत आहे. आई-बाबा यायला नऊ वाजतात. आईने गॅस लावायला बंदी केलीय (मागच्या वेळी एक टॉवेल जळला), फक्त मायक्रोवेव्ह चालतो. फ्रिजमधे कालचा कोरा पास्ता आहे. मी आणि बहीण काय खाऊ?

उत्तर: आईचं बरोबर आहे, टॉवेलच्या बाबतीत मी पण तिच्याच बाजूने. गरम हवा असेल तर काचेच्या भांड्यात दोन वाट्या पास्ता, तीन चमचे पाणी, वर झाकण थोडं तिरकं ठेव, दीड मिनिट, मग काढून हलव, परत एक मिनिट, मधून पण वाफ आली पाहिजे. त्यात बटर, मीठ, मिरपूड, दोन चीझ क्यूब कुस्करून. पण मी तुझ्या जागी असते तर गरम केलाच नसता. उकाडा केवढा आहे! दहीभात असतो तसा दहीपास्ता कर, एक वाटी दही चमच्याने फेटायचं, काकडी आणि टोमॅटो चिरून, मीठ, साखर, जिरेपूड, चाट मसाला, डाळिंब असेल तर दाणे, आणि पास्ता मोकळा व्हावा म्हणून आधी थोडं गरम पाणी घालून निथळून घे. वरून शेव बहिणीला घालू दे, नाहीतर ती तुझ्यातली खाईल. आईसाठी एक वाटी झाकून फ्रिजमधे ठेव. आणि तो रिकामा डबा सिंकमधे टाकून पळू नकोस, घासून ठेव.